लॅन पार्टी करताय? या चुका टाळा, नाहीतर पहिला सामना सुरू व्हायला साडेदहा वाजतील

लॅन पार्टी म्हणजे सगळ्यांनी आपापले कॉम्प्युटर एका घरात आणून, केबलने जोडून एकत्र गेम खेळणं. शनिवारी संध्याकाळी सातला जमायचं ठरतं. आठ जण, टू बीएचकेचा हॉल, पाच डेस्कटॉप, तीन गेमिंग लॅपटॉप. मग एकदा एमसीबी (लोड वाढला की आपोआप बंद होणारा मेन बोर्डातला स्विच) पडतो, दोघांच्या गेमला अपडेट लागतं, एकाला सर्व्हर (ज्या मशिनवर सामना चालतो ते) दिसत नाही, एकाकडे लॅपटॉपला लॅन पोर्टच नसतो, आणि बघता बघता पहिला राऊंड सुरू व्हायला साडेदहा होतात. कुठला गेम खेळायचा यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर दोनशे मेसेज पडलेले असतात. वीज, केबल आणि इन्स्टॉलेशनवर मात्र एकही नाही. घोळ याच तीन ठिकाणी होतो आणि तिन्ही गोष्टी शुक्रवारी रात्रीपर्यंत आटोपता येतात.

सगळे प्लग हॉलमधल्याच सॉकेटना लावणं

आधी हिशोब करा. गेम चालू असताना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून साधारण ३५० ते ४५० वॅट खातात. गेमिंग लॅपटॉपचा ॲडॅप्टर १८० ते २४० वॅटचा असतो. पाच डेस्कटॉपचे २००० आणि तीन लॅपटॉपचे ६०० धरले तर २६०० वॅट, म्हणजे २३० व्होल्टला ११ अँपिअरच्या वर. घरातला साधा छोटा सॉकेट ६ अँपिअरचा, म्हणजे १३८० वॅटचा. तीन डेस्कटॉप लावले की तो भरला.

सॉकेट बदलला म्हणजे लोड वाटला गेला, असं मात्र नाही. हॉलमधले चारही सॉकेट, पंखे आणि दिवे बऱ्याचदा एकाच एमसीबीवर असतात. म्हणून आदल्या दिवशी दिवसाउजेडी मेन बोर्ड उघडून एकेक एमसीबी पाडा आणि कुठले सॉकेट बंद होतात ते चिकटपट्टीवर लिहून त्या त्या सॉकेटवर लावा. दहा मिनिटांचं काम आहे. मग तीन मशिन हॉलच्या लाइनवर ठेवा आणि उरलेल्यांसाठी बेडरूममधल्या एसीच्या किंवा स्वयंपाकघरातल्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरून लाइन आणा. फ्रिजचा पॉइंट सोडा. त्या संध्याकाळी गिझर, मायक्रोवेव्ह आणि इस्त्री बंद.

इथेच दुसरी चूक होते. १६ अँपिअरच्या पॉइंटला कन्व्हर्टर प्लग लावून त्यावर साधा ६ अँपिअरचा स्पाइक गार्ड जोडला जातो. आता मागचा एमसीबी १६ चा आणि पुढची वायर बारीक. वायर तापून इन्सुलेशन मऊ झालं तरी एमसीबी पडणार नाही, कारण त्याच्या लेखी सगळं ठीकच आहे. इलेक्ट्रिशियनकडून २.५ चौरस मिलिमीटर वायरचा, १६ अँपिअर प्लगचा, स्वतःचा एमसीबी असलेला बोर्ड बांधून घ्या. दरवर्षी उपयोगी पडतो. स्पाइक गार्डात स्पाइक गार्ड लावू नका. गुंडाळी असलेला एक्स्टेन्शन पूर्ण उलगडा, कारण गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. खेळ सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने प्रत्येक प्लगला हात लावून बघा. कोमट चालेल, गरम लागला तर त्यावरचं एक मशिन दुसरीकडे हलवा. बोर्ड जमिनीवर टाकू नका, टेबलाच्या पायाला बांधा. कोल्ड्रिंक सांडतंच.

पडलं काय, ते न बघता पुन्हा वर करणं

मेन बोर्डात टेस्टचं बटण असलेला मोठा स्विच पडला असेल, तर तो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा स्विच, आणि त्याचा ओव्हरलोडशी संबंध नाही. प्रत्येक कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधल्या (पॉवर सप्लायमधल्या) फिल्टरमधून थोडासा करंट अर्थिंगला जातोच. एका मशिनचा एखाद-दोन मिलिअँपिअर असला, तरी आठ मशिन, घरचा टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशिन असं सगळं मिळून बेरीज वाढते, आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी १५ च्या पुढे कधीही पडू शकतो. अशा वेळी सगळे प्लग काढा, आरसीसीबी वर करा आणि मशिन एकेक करून लावा. एखादं ठरावीक मशिन लावताच तो पडत असेल, तर दोष त्याच्या एसएमपीएसमध्ये. ते मशिन त्या रात्रीपुरतं बाजूला. शेवटचं कुठलंही मशिन लावल्यावर पडत असेल, तर एखादं मशिन आणि नको असलेली घरची उपकरणं कमी करा.

कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील, तर त्या सॉकेटला अर्थिंग नाही. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या कन्व्हर्टरमध्ये घातला तरी हेच होतं. तो सॉकेट वापरू नका.

इन्व्हर्टर असलेल्या घरात आणखी एक सापळा असतो. हॉलमधले एक-दोन सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर असतात आणि हे कोणाच्या लक्षात नसतं. लाइट गेली की त्यावरचे तीन डेस्कटॉप ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरवर येतात, तो ओव्हरलोड दाखवून बंद पडतो आणि घरातले पंखे-दिवेही जातात. त्या सॉकेटवर फक्त राउटर आणि नेटवर्कचा स्विच (सगळ्यांच्या केबल जोडणारा डबा) ठेवा. म्हणजे लाइट गेली तरी लॅपटॉपवाल्यांचा खेळ बॅटरीवर थोडा वेळ चालू राहील.

गरमीचं थोडक्यात: २६०० वॅट वीज खोलीत उष्णता होऊनच उतरते, वर आठ माणसांची प्रत्येकी शंभरेक वॅट. एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे जेमतेम पुरतो. एप्रिल-मे असेल तर दीड टनाच्या खोलीत बसा, नाहीतर खिडक्या उघडून टेबल फॅन लावा.

वाय-फायवर भागवू, हा विचार

आठ मशिन एकाच वाय-फायवर आली की प्रत्येकाला आळीपाळीने बोलावं लागतं, आणि पिंग (संदेश जाऊन उत्तर यायला लागणारे मिलिसेकंद) ५ वरून ८० वर, तिथून पुन्हा ५ वर उड्या मारतो. गेमला लागणारा डेटा अगदी किरकोळ असतो. खेळ बिघडवतात त्या या उड्या. केबलला पर्याय नाही.

८ पोर्टचा गिगाबिट स्विच आठ जणांना पुरेल असं वाटतं, पण एक पोर्ट राउटरकडे जातो. उरले सात. घरच्या राउटरला चार लॅन पोर्ट असतील, तर त्यातले तीन मोकळे असतात, म्हणजे एकूण दहा जण बसू शकतात. त्यापेक्षा जास्त असतील तर १६ पोर्टचा घ्या. केबल कॅट फाइव्ह ई पुरे. प्रत्येकी ५ मीटर, आणि दूर बसणाऱ्या दोघांसाठी १० मीटर. दोन जास्तीच्या ठेवा, कारण क्लिप तुटलेली एक तरी केबल कोणीतरी आणतंच. लॅपटॉपवाल्यांना आधीच विचारा: लॅन पोर्ट आहे का? नसेल तर यूएसबी ३ चं लॅन ॲडॅप्टर लागेल, आणि त्याचा ड्रायव्हर घरीच टाकून यायचा.

स्वतः क्रिम्प केलेली (टोकांना कनेक्टर दाबून बसवलेली) केबल १०० एमबीपीएसवरच अडकली, तर आठपैकी एखादी तार नीट बसलेली नाही. दोन्ही टोकांना एकच क्रम हवा: नारिंगी-पांढरी, नारिंगी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. खेळायला १०० पुरतात. फाइल कॉपी करताना मात्र दहापट फरक पडतो.

सर्व्हर दिसत नाही: कुठून बघायचं

बहुतेक जण थेट गेमच्या सेटिंगमध्ये घुसतात. खालून वर जा.

पोर्टचा दिवा लागतो का? नसेल तर केबल बदला. सगळ्याच पोर्टचे दिवे एकाच लयीत वेड्यासारखे लुकलुकतायत आणि कोणाचंच काही चालत नाही? मग कोणीतरी एका केबलची दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये खोचली आहेत. आवराआवर करताना ‘ही मोकळी दिसतेय’ म्हणून हमखास होतं. डेटाचं तेच पाकीट गोल गोल फिरत राहतं आणि स्विच गुदमरतो. ती केबल काढा, काही सेकंदांत सुरळीत होईल.

दिवा आहे, तर आयपी (मशिनचा नेटवर्कवरचा पत्ता) बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये ipconfig टाइप करा. पाच जणांचा १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि तिघांचा १९२.१६८.० ने? कोणीतरी घरून दुसरा राउटर आणून स्विचसारखा लावलाय, आणि दोन्ही राउटर आयपी वाटत सुटलेत. आणलेल्या राउटरचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटणारी सोय) बंद करा, त्याचा स्वतःचा पत्ता पहिल्या राउटरशी जुळत नाही ना ते बघा, आणि केबल त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला न लावता लॅन पोर्टला लावा. मग त्या तिघांच्या केबल काढून पुन्हा घाला.

१६९.२५४ ने सुरू होणारा आयपी म्हणजे मशिनला राउटरकडून उत्तर मिळालं नाही. एकालाच असेल तर तो बाकीच्यांना दिसणार नाही. पण इंटरनेटविना नुसत्या स्विचवर खेळत असाल आणि सगळ्यांनाच १६९.२५४ मिळाला असेल, तर घाबरायचं कारण नाही; ते सगळे एकाच नेटवर्कमध्ये आहेत आणि गेम चालेल.

आयपी ठीक, तरी दिसत नाही? आता फायरवॉल. विंडोज नवीन नेटवर्कला ‘पब्लिक’ धरतं आणि बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवतं. नेटवर्क ‘प्रायव्हेट’ करा आणि गेमला फायरवॉलमध्ये परवानगी द्या. फायरवॉल पूर्ण बंद करून बसायची गरज नाही. पिंगच्या कमांडला दुसऱ्या मशिनचं उत्तर नाही म्हणून केबलला दोष देऊ नका, कारण विंडोज पिंगही अडवू शकतं. आधी राउटरला पिंग करून बघा. फायरवॉलमधले पोर्ट (गेमचे ठरलेले क्रमांक) हाताने उघडायचे झाले तर काउंटर-स्ट्राइक १.६ ला यूडीपी २७०१५ आणि माइनक्राफ्ट जावाच्या सर्व्हरला टीसीपी २५५६५.

आणि एक गोष्ट कोणाला सुचत नाही: हमाची, व्हर्च्युअलबॉक्स अशा प्रोग्रॅमनी किंवा व्हीपीएनने टाकलेली खोटी नेटवर्क कार्डं. जुने गेम त्यातलंच एखादं धरून बसतात आणि खऱ्या केबलकडे ढुंकूनही बघत नाहीत. नेटवर्क कनेक्शनमध्ये जाऊन ती तात्पुरती डिसेबल करा.

एखादा वाय-फायवरच असेल तर तो ‘गेस्ट’ नेटवर्कवर नाही ना, हे बघा. गेस्टवर इंटरनेट चालतं, पण बहुतेक राउटर त्यावरच्या मशिनना घरच्या नेटवर्कपासून वेगळं ठेवतात.

‘तिथे आल्यावर टाकू’

ही सगळ्यात महागडी चूक. ३० जीबीचा गेम १०० एमबीपीएसच्या लाइनवर एकाला ४० मिनिटांत मिळतो. आठ जणांनी एकदम सुरू केला, तर तीच लाइन २४० जीबी ओढायला पाच तास वीस मिनिटं घेते. गेम, पॅच आणि मॉड घरूनच टाकून, एकदा चालवून यायचं. पॅच शनिवारी दुपारी पुन्हा तपासा.

तरीही एक जण राहतोच. स्टीमने (गेम विकत घेण्याच्या आणि टाकण्याच्या ॲपने) २०२३ मध्ये लोकल नेटवर्कवरून गेम घेण्याची सोय दिली. सेटिंगमध्ये डाउनलोड्सखाली देणाऱ्याने ‘मित्र’ किंवा ‘कोणीही’ असा पर्याय निवडला, की दुसऱ्याचं मशिन त्याच्याकडून ओढतं. गिगाबिट केबलवर ३० जीबीला पाचेक मिनिटं. देणाऱ्याकडे जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर एका वेळी एकालाच द्या. विंडोज अपडेट आठवड्यासाठी पॉझ करा आणि फोनचा फोटो बॅकअप बंद ठेवा. अपलोड भरला की सगळ्यांचा पिंग चढतो.

गेम निवडताना लॅन मोड आहे का ते बघा. व्हॅलोरंटला तो नाही. एकाच खोलीत बसलात तरी सामना बाहेरच्या सर्व्हरवरच होतो, आणि ब्रॉडबँड गेलं की खेळ संपला. काउंटर-स्ट्राइक १.६, लेफ्ट फोर डेड २, माइनक्राफ्ट अशांपैकी एक गेम पर्याय म्हणून सगळ्यांकडे असू द्या. माइनक्राफ्टचे जावा आणि बेडरॉक असे दोन प्रकार आहेत; ते खेळणारे एकमेकांना दिसत नाहीत, आणि जावावाल्यांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते. १९९९ चा मूळ एज ऑफ एम्पायर्स २ काढणार असाल, तर विंडोज १० किंवा ११ च्या ‘विंडोज फीचर्स’मध्ये लेगसी कंपोनंट्सखालचं डायरेक्टप्ले चालू करा. २००० चा मूळ रेड अलर्ट २ आयपीएक्स या जुन्या नेटवर्क पद्धतीवर चालतो, आणि ते विंडोज व्हिस्टापासून काढून टाकलंय; पॅच नसेल तर तो आयत्या वेळी काढू नका.

मशिन आणताना

कॅबिनेट स्कूटीवर पायांमध्ये उभं धरून आणायचं, आणि मग डिस्प्ले येत नाही म्हणून डोक्याला हात लावायचा. स्पीड ब्रेकरवर जड ग्राफिक्स कार्ड स्लॉटमधून सैल होतं. कारच्या मागच्या सीटवर कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड खाली येईल असं, म्हणजे कार्ड उभं राहतं. डिस्प्ले नसेल तर आधी केबल मदरबोर्डच्या पोर्टला तर लावली नाही ना ते बघा. निम्म्या वेळा तेच असतं. मग पॉवर बंद करून कार्ड आणि रॅम काढून परत बसवा.

माणशी किमान अडीच फूट टेबल धरा. मंडपवाल्याकडून सहा फुटी टेबलं मागवली तर एकावर दोघं बसतात. स्पीकर कोणी आणायचा नाही, हेडफोनच. रात्री दहानंतर ओरडण्यावरूनही शेजारी बेल वाजवतात. पहाटे दोनला कॅबिनेट घेऊन गेटबाहेर जाणाऱ्याला वॉचमन अडवणारच, तेव्हा संध्याकाळीच रजिस्टरमध्ये नोंद करा. भजी, वडे खेळ थांबवून. टेबलाशी चकली, शेंगदाणे, आणि हात पुसायला पंचा.

ॲडॅप्टर, माउस, केबल यांवर येताच नावाची पट्टी चिकटवा, काळे ॲडॅप्टर सगळे सारखेच दिसतात. आणि निघण्याआधी ज्यांनी आयपी हाताने टाकला असेल त्यांनी तो परत ‘ऑटोमॅटिक’वर आणावा, नाहीतर रविवारी सकाळी घरी इंटरनेट चालत नाही म्हणून तुम्हालाच फोन येईल.