ज्येष्ठ नटाची चित्रपटसूची कशी करावी

चाळीस-पन्नास वर्षं मराठी पडद्यावर काम केलेल्या नटाविषयी लिहायला बसलं, की "दीडशेहून अधिक चित्रपट" हे शब्द आपोआप हाताखाली येतात. ते लिहू नयेत, आधी मोजावं. मोजायला लागलं की त्या दीडशेत नाटकं मिसळलेली सापडतात, एकाच चित्रपटाच्या मराठी आणि हिंदी आवृत्त्या कधी एक तर कधी दोन धरलेल्या सापडतात, आणि नावसाधर्म्यामुळे भलत्याच कुणाची कामं आपल्या नटाच्या खात्यावर जमा झालेली असतात. नायकाच्या बाबतीत हे लवकर लक्षात येतं. पाटील, सावकार, शाळामास्तर, नायिकेचा बाप अशी कामं आयुष्यभर केलेल्या नटाच्या बाबतीत मात्र कुणीच तपासत नाही. म्हणूनच त्याची यादी जास्त काळजीने करायला हवी.

सुरुवात वहीपासून करा, किंवा संगणकावरच्या तक्त्यापासून. प्रत्येक चित्रपटाला एक ओळ. रकाने असे: चित्रपटाचं नाव, भाषा, निर्मितीसंस्था, दिग्दर्शक, सेन्सॉर प्रमाणपत्राची तारीख, प्रदर्शनाची तारीख आणि गाव, पात्राचं नाव, श्रेयनामावलीत नटाचं नाव जसं छापलंय तसंच्या तसं, आणि पुरावा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात चारच अक्षरं वापरा. 'अ' म्हणजे चित्रपट स्वतः पाहिला आणि नट ओळखला. 'आ' म्हणजे नामावलीत किंवा गाण्यांच्या पुस्तिकेत नाव आहे. 'इ' म्हणजे त्या काळची जाहिरात किंवा परीक्षण. 'ई' म्हणजे कुणाची तरी आठवण. नुसत्या 'ई'वर उभी असलेली ओळ पक्क्या यादीत घेऊ नका. ती वेगळ्या पानावर थांबू द्या.

नावापाशी पहिली ठेच लागते. 'सुलोचना' म्हटलं की मराठी माणसाला सुलोचना लाटकर आठवतात, पण मूकपटांच्या काळातल्या रूबी मायर्स यांचंही पडद्यावरचं नाव सुलोचनाच होतं, आणि लावणीगायिका सुलोचना चव्हाण तिसऱ्या. चंद्रकांत मांढरे अनेकदा नुसते 'चंद्रकांत' म्हणून येतात, त्यामुळे त्यांची कामं चंद्रकांत गोखले यांच्या नावावर जाण्याचा धोका असतो. 'मास्टर' आणि 'बेबी' यांवरून वय ठरवायला जाऊ नका. मास्टर विनायक आणि मास्टर विठ्ठल मोठेपणीही मास्टरच राहिले, आणि बेबी शकुंतला नायिका झाल्यावरही बेबीच. नट्यांची नावं तर लग्नानंतर बदलतात, कधी अधल्यामधल्या चित्रपटात जुनं नाव पुन्हा येतं. एका कागदावर नटाच्या नावाची सगळी रूपं लिहून तो कायम समोर ठेवा: आडनावासह, आडनावाशिवाय, आद्याक्षरांसह, आणि इंग्रजी नामावलीत वेगवेगळ्या स्पेलिंगनी आलेली.

दुसरी ठेच सालाची. एकाच चित्रपटाची तीन सालं असू शकतात: प्रमाणपत्राचं, प्रदर्शनाचं आणि पुरस्काराचं. डिसेंबरात सेन्सॉर झालेला चित्रपट फेब्रुवारीत लागला की दोन याद्यांत दोन सालं दिसतात, आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. पुरस्कार ज्या वर्षासाठी असतो त्याच्या पुढच्या वर्षी, कधी त्याहूनही उशिरा, दिला जातो. पहिले राष्ट्रीय पुरस्कार १९५४ मध्ये दिले गेले, पण ते १९५३ च्या चित्रपटांसाठी होते, आणि 'श्यामची आई'ला सुवर्णपदक मिळालं ते त्यांतच. देविका राणींना मिळालेला पहिला दादासाहेब फाळके पुरस्कारही १९६९ चा, पण समारंभ १९७० चा. म्हणून नुसतं साल लिहू नका, कशाचं साल ते लिहा.

प्रदर्शनाची तारीख वर्तमानपत्रातून काढायची. चित्रपट बहुधा शुक्रवारी लागतात, तेव्हा आधी शुक्रवारचे अंक चाळा. पुण्यासाठी 'सकाळ' (१९३२ पासून), कोल्हापूरसाठी 'पुढारी', मुंबईसाठी 'लोकसत्ता' (१९४८ पासून). 'आजपासून' असा शब्द सापडला तर काम झालं. पहिलीच जाहिरात '५ वा आठवडा' अशी सापडली तर चार आठवडे मागे जा आणि तो अंक उघडून खात्री करा. चित्रपट तेव्हा सगळीकडे एका दिवशी लागत नसत, त्यामुळे तारखेबरोबर गाव लिहायलाच हवं.

पुस्तिका हा फार गोड पुरावा आहे, पण आंधळेपणाने घेऊ नका. ती चित्रपटाचं अंतिम संकलन होण्याआधीही छापली जाई. तिच्यात नाव असलेल्या नटाचा प्रसंग नंतर कापला गेलेला असू शकतो. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात (स्थापना १९६४) पुस्तिका, पोस्टर आणि छायाचित्रं पाहता येतात. जाण्याआधी चित्रपटांच्या नावांची यादी पाठवून वेळ ठरवून घ्या. तिथेही सगळं मिळेल असं धरू नका. गांधीहत्येनंतरच्या १९४८ च्या जाळपोळीत कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओ जळाला, आणि जानेवारी २००३ मध्ये पुण्यात जुन्या, चटकन पेटणाऱ्या नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली. काही चित्रपट आता कागदावरच उरले आहेत, आणि त्यांतल्या नटांचं काम पाहणारं कुणी राहिलेलं नाही. त्यांच्या ओळी 'आ' किंवा 'इ'वरच ठेवाव्या लागतात.

चित्रपट पाहायला मिळाला तर आधी त्याची लांबी तपासा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. ३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ चौकटी (फ्रेम) असतात आणि बोलपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, म्हणजे मिनिटाला ९० फूट किंवा सुमारे २७.४ मीटर. प्रमाणपत्रावर ३,६०० मीटर असेल तर चित्रपट १३१ मिनिटांचा. तुमच्या हातातली प्रत १२६ मिनिटांची भरली तर घाबरू नका: टीव्हीसाठी सेकंदाला २५ चौकटींनी उतरवलेली प्रत चार टक्के लवकर संपते. पण ती ११० मिनिटांची असेल तर कात्री लागली आहे, आणि कात्री आधी लागते ती उपकथानकांना, म्हणजे चरित्र अभिनेत्यांच्या प्रसंगांना. अशा प्रतीत नट दिसला नाही म्हणून त्याचं नाव खोडू नका. प्रमाणपत्र १६ मिमी प्रतीचं नाही ना, हेही बघा. तिची लांबी अडीचपट कमी भरते.

द्विभाषिक चित्रपटांच्या दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या ओळींत लिहा आणि दोन्हींतली पात्रयोजना वेगळी तपासा. प्रभातच्या 'शेजारी'त (१९४१) गजानन जागीरदारांसमोर केशवराव दाते आहेत, तर त्याच्याच हिंदी आवृत्तीत, 'पडोसी'त, मझहर खान. एका आवृत्तीवरून दुसरी भरली की अशी चूक हमखास होते. 'पदार्पण' हा शब्दही जपून वापरा. दुर्गा खोटे म्हटलं की 'अयोध्येचा राजा' (१९३२) आठवतो, पण त्याआधी १९३१ मध्ये त्यांनी 'फरेबी जाल'मध्ये छोटं काम केलं होतं. नाटकं, आकाशवाणी आणि दूरदर्शन यांची पानं वेगळी असू द्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, तेव्हा त्याआधीची 'मराठी मालिका' कुणी सांगितली तर ती बहुधा आकाशवाणीवरची श्रुतिका असते.

नट हयात असतील तर एवढं काम झाल्यावरच त्यांच्याकडे जा. बैठक तासाभराची, फार तर दीड तासाची. ध्वनिमुद्रणाची परवानगी सुरुवातीलाच मागा आणि होकार मुद्रणातच येऊ द्या. यादी वाचून दाखवू नका. समोरचा माणूस आदराने "हो, हो" म्हणत जातो. छायाचित्रं दाखवा आणि "शेजारी कोण उभं आहे?" एवढंच विचारा. साल विचारू नका, घटना विचारा. हे पानशेतच्या पुराआधीचं की नंतरचं? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा कुठे चित्रीकरण चालू होतं? बाहत्तरच्या दुष्काळात? पूर १२ जुलै १९६१ चा, भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. दोन खुणांमध्ये चित्रपट सापडला की वर्तमानपत्रं चाळणं सोपं जातं. जन्मतारीख १ जून सांगितली तर तिथी आणि घरची नोंद नक्की विचारा. शाळेत नाव घालताना १ जून लावून द्यायची पद्धत महाराष्ट्रभर होती.

घरच्या अल्बममधली छायाचित्रं उपटून काढू नका. जागेवरच, फ्लॅश न वापरता, फोटो घ्या. मागची बाजू सहज दिसत असेल तर तिचाही घ्या, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेलं नाव तिथेच असतं. छापण्याआधी हक्क तपासा: चित्रपटाचा हक्क साधारणपणे प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो आणि छायाचित्राचा छायाचित्रकाराच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं, मात्र १९५८ आधी काढलेल्या छायाचित्रांना वेगळा नियम आहे. यादी पूर्ण झाली की तिच्याखाली तपासणीची तारीख घाला, आणि 'ई'च्या ओळींचं पानही तिलाच जोडा. एखाद्याच्या माळ्यावर पडलेली पुस्तिका बाहेर आली, तर त्या पानावरची एक ओळ वर सरकेल.