ओलीपासून घर कसे राखावे

अथणीकडे पाऊस बेताचा असतो. मात्र बेळगाव ओलांडून खानापूर, जांबोटी आणि मलप्रभेचा उगम असलेल्या कणकुंबीकडे जावे, तसा तो वाढत जातो आणि मृगापासून गणेशचतुर्थीपर्यंत भिंती वाळतच नाहीत. त्यामुळे आपल्या भागात घर निरोगी करायचे असेल, तर नवी उपकरणे घेण्याआधी ओलीचा बंदोबस्त करावा, असे माझे ठाम मत आहे. ओलीवर बुरशी वाढते आणि तिचे कण श्वासावाटे गेल्याने दमेकऱ्यांचा त्रास बळावतो.

प्रथम ओल येते कोठून, ते शोधावे. संशयित भिंतीवर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून दोन दिवस ठेवावा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडील बाजूस जमले, तर ओल भिंतीतून येत आहे. खोलीकडील बाजूस जमले, तर ती घरातील वाफेची आहे. वाफेची ओल असेल, तर स्वयंपाक करताना खिडकी उघडी ठेवावी, न्हाणीघरात हवा बाहेर टाकणारा पंखा बसवावा आणि कपडे झोपण्याच्या खोलीत न वाळवता पडवीत वाळवावेत.

भिंतीतून येणारी ओल बहुधा जोत्याशी सुरू होते. पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत पडून मुरते आणि जांभ्या चिऱ्यातून वर चढते. छपराला पन्हळ लावून ते पाणी दूर न्यावे व जोत्याभोवतीच्या जमिनीला बाहेरच्या बाजूस उतार द्यावा. हे न करता आतून जलरोधक रंग मारला, तर पाणी गिलाव्यातच कोंडते आणि पुढल्या वर्षी पोपडे सुटतात. जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा करणेही मी टाळायला सांगेन, कारण चुन्यातून वाफ बाहेर पडू शकते, सिमेंटातून ती फारशी पडत नाही.

भिंत कोरडी झाल्यावर चुन्याची सफेदी करावी. विरवलेला चुना रात्रभर पाण्यात भिजवून गाळावा आणि पातळ हात दोन-तीनदा द्यावेत. क्षारधर्मी असल्यामुळे त्यावर बुरशी सहजी धरत नाही. प्लास्टिकच्या किंवा तेलाच्या रंगावर चुना टिकत नाही, म्हणून आधीचा रंग खरवडावा लागतो. येथे मात्र विशेष सावध राहावे. रंगातील शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली, त्यामुळे त्याआधीच्या रंगात शिसे जास्त असू शकते. असा रंग कोरडा न घासता पाणी मारून ओला करूनच काढावा, मुलांना व गरोदर स्त्रियांना त्या खोलीत येऊ देऊ नये. चुना हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालावा.

बुरशी साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसावी. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे आम्ल कधीही एकत्र करू नये, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

जोते वाचवण्यासाठी लावलेली पन्हळ पाणीही देते. एक चौरस मीटर छपरावर एक मिलीमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी. शंभर चौरस मीटर छपरावर हजार मिलीमीटर पावसाचे लाखभर लिटर होते आणि गळती, बाष्पीभवन वजा जाता त्यातील ऐंशी टक्के तरी धरता येते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, पुढचे जाळी व वाळूच्या गाळणीतून टाकीत घ्यावे. टाकीला घट्ट झाकण आणि वाहून जाण्याच्या नळीला बारीक जाळी असावी, अन्यथा तेथे डासांची पैदास होते.