शाकारणी मुलाच्या हाती देताना

मुंबई-पुण्यात वाढलेल्या मुलाला गावचं घर म्हणजे गणपती आणि मे महिन्यातले आंबे एवढंच ठाऊक असतं. पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. त्यात कौलारू घर तगतं ते शाकारणीवर, म्हणजे पावसाआधीच्या छपराच्या डागडुजीवर. घर पुढच्या पिढीकडे द्यायचं असेल तर हेच काम आधी द्या आणि त्यासाठी निदान तीन मे महिने धरा. एका सुट्टीत सगळं शिकवायला गेलात तर मुलगा कंटाळतो आणि पुढच्या वर्षी त्याला रजा मिळत नाही.

मृग ७-८ जूनला लागतो, पण वळवाचा भरवसा नसतो. म्हणून उघडलेली पाखी, म्हणजे छपराची उतरती बाजू, १५ मेच्या आत झाकून झालेली हवी. मंगलोरी कौलं दरवर्षी सगळी उतरवायची नसतात. दरवर्षी पाला झाडायचा आणि फुटकी कौलं बदलायची. पूर्ण परतणी, म्हणजे सगळी कौलं काढून पुन्हा लावणं, चार-पाच वर्षांनी. जुने नळे, म्हणजे अर्धगोल गावठी कौलं असतील तर मात्र दर वर्षाची परतणी चुकत नाही.

पहिल्या वर्षी मुलाला छपरावर चढवू नका, माळ्यावर पाठवा. भर दुपारी दारं-खिडक्या बंद करून वर पाहिलं की जिथे उजेडाचा ठिपका दिसतो तिथे पाणी येणार. त्या फटीतून झाडूचा हीर बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे वरच्या माणसाला नेमकं कौल सापडतं. वाशावरचा ओला डाग फसवतो. पाणी वाशावरून घरंगळत येतं, त्यामुळे गळती डागाच्या वर असते, कधी हातभर तर कधी थेट छपराच्या माथ्यावरच्या आढ्यापाशी. त्याच फेरीत स्क्रू-ड्रायव्हरने वाशांची भिंतीत शिरलेली टोकं टोचून पाहायला सांगा. वाळवी बहुधा तिथूनच चढते. टोक मऊ लागलं तर ते तोडून जोड द्यावा लागतो, नुसतं औषध मारून भागत नाही. नव्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात. ते कातडी भाजतं, म्हणून हातमोजे आणि आधी हातांना खोबरेल.

दुसऱ्या वर्षी कौल हातात द्या. बोटाच्या पेराने वाजवलं की धड कौल खणखणतं आणि तडा गेलेलं बद्द वाजतं. उतरवताना आढ्याकडून खाली यायचं, लावताना वळचणीकडून वर जायचं. कौलाखालचा उंचवटा रिपेला, म्हणजे वाशांवर आडव्या ठोकलेल्या पट्टीला नीट अडकला पाहिजे, नाहीतर वादळात अख्खी ओळ सरकते. बाजूची खाच दुसऱ्या कौलाच्या कडेवर चपखल बसली नाही तर मध्ये पाला अडकतो, पाणी उलटं चढतं आणि कौल शाबूत असूनही घर गळतं. बहुतेक गळत्या अशाच असतात. लोक उगाच कौल बदलत बसतात.

पाय नेहमी वाशाच्या रेषेत, जिथे खाली रीप आहे तिथे. कौलाच्या मधोमध दिला की ते गेलंच. कमरेचा दोर आढ्याला बांधलेला हवा. शेवाळ ओलं असेल तर कुणीच चढायचं नाही, वीस वर्षं चढणारा गडीसुद्धा नाही.

एका कारखान्याचं कौल दुसऱ्याच्या कौलात बसत नाही. मंगळुरात बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, पुढे अनेकांनी काढले आणि प्रत्येकाचा साचा थोडा वेगळा निघाला. कौलाच्या पाठीवर नाव उठवलेलं असतं, ते मुलाला वाचायला लावा. मोडक्या घराची कौलं विकत घेताना आपलं एक सोबत न्या आणि जोडून बघा. चौरस मीटरला साधारण पंधरा कौलं लागतात. घरामागे पन्नास-शंभर जास्तीची रचून ठेवा, कारण वानरं आणि नारळ कुणाला विचारत नाहीत. नवी कौलं घ्यावीच लागली तर सगळी एकाच पाखीला घाला आणि तिथली निघालेली जुनी बाकीच्या पाख्यांना वापरा. सरमिसळ केली की दोन्हीकडून गळतं.

आढ्यावरचे कोणे, म्हणजे माथ्यावरची कौलं, चुन्यात बसवा. सिमेंट झटपट होतं, पण लाकूड पावसात फुगतं, उन्हात आकसतं आणि सिमेंटला भेग पडते.

तिसऱ्या वर्षी माणसं बोलावण्यापासून सगळं मुलाने करायचं. मे महिन्यात गडी मिळत नाहीत, म्हणून शिमग्याला गावी आल्यावरच शब्द घ्यायचा. तुम्ही खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात खुर्ची टाकून बसा. दोर सुटला, पाय चुकला तर ओरडा. एरवी पाखी वाकडी झाली तरी गप्प राहा. पहिल्या सरीला त्याची त्यालाच कळेल.

बाकीचं वहीत लिहून द्या. विहीर कधी उपसायची, आणि डिझेलचा पंप विहिरीत उतरवायचा नाही, त्याच्या धुराने माणसं मरतात. गणपतीवर टांगायच्या माटवीच्या चौकटीचे खिळे कुठे आहेत, तिला बांधायचं कवंडळ आणि शेरवड कुठल्या रानात मिळतं. राखणदाराला, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाला नारळ द्यायचा की कोंबडा, कुठल्या दगडापाशी, गाऱ्हाणं कोण घालतो. यंदा गणपतीचा खर्च कुठल्या भावाकडे. पावसाळ्यात बंद घराची किल्ली कुणाकडे, आणि तो आठवड्यातून एकदा चूल पेटवून धूर करतो ना. धुराशिवाय माळा आणि भिंती बुरसटतात. राखणीवर मुलाचा विश्वास नसेल तर वाद घालू नका. दिवस आणि जागा लिहिलेली असू दे, पुढे त्याचं तो बघेल.

मुलगी असेल तर तिलाही माळ्यावर चढवा. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत तिचा हक्क मुलाइतकाच आहे. घर गळलं की तिचाही वाटा भिजतो.

कागदांत एक गफलत नेहमी होते. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा हाच मालकीचा पुरावा समजून लोक निर्धास्त राहतात. तो कर आकारणीचा कागद आहे. जमिनीच्या सातबाऱ्यावर आजोबांचंच नाव असेल तर वारस नोंद आधी करून घ्या, सगळ्या भावंडांच्या नावांसकट. वीजमीटर नावावर करणं त्यानंतर.