अँटिबायोटिकनंतर खाली खाज सुटली तर

पुण्यात सिंहगड रस्त्यावर माझं मेडिकलचं दुकान आहे. पावसाळ्यात घसा धरला म्हणून अमॉक्सिसिलिन नेलेली एखादी बाई काही दिवसांनी परत येते, गर्दी सरेपर्यंत थांबते आणि हळूच म्हणते, "ताई, खाली खाज सुटलीय, एखादी ट्यूब द्या ना." मी आधी विचारते, "नुसती खाज आहे, की वासही येतोय?" उपाय या उत्तरावर ठरतो.

योनीतले लॅक्टोबॅसिलस जिवाणू लॅक्टिक आम्ल बनवतात, म्हणून तिथला पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, साधारण ३.८ ते ४.५ राहतो. अँटिबायोटिक घशातल्या जंतूंबरोबर यांनाही मारतं. बुरशीला मात्र त्याने काही होत नाही, आणि अंगात थोडीफार असतेच ती कॅन्डिडा नावाची बुरशी फोफावते. अस्वच्छतेमुळे हे झालेलं नसतं. ते मी प्रत्येकीला सांगते, कारण शरमेपायी बायका आठवडेच्या आठवडे सोसत बसतात.

बुरशी असेल तर खाज प्रचंड असते, आजूबाजूची त्वचा लाल होते, लघवी करताना चरचरतं, आणि अंगावरून फुटलेल्या दह्यासारखं घट्ट पांढरं जातं. वास जवळजवळ नसतो. पातळ, करडं पाणी जातंय, मासळीसारखा वास येतोय, संबंधानंतर तो वाढतोय आणि खाज फारशी नाही, तर बहुधा जिवाणूंचा समतोल बिघडलाय. त्याला डॉक्टर बॅक्टेरियल व्हजायनोसिस म्हणतात. त्यावर मेट्रोनिडाझोलसारखं औषध लागतं, बुरशीची गोळी घेऊन काही उपयोग नाही. फेसाळ, पिवळट-हिरवं जात असेल तर ट्रायकोमोनास या संबंधातून पसरणाऱ्या परजीवीची शंका घ्यायची. यात नवऱ्यालाही औषध घ्यावं लागतं, नाहीतर ते पुन्हा होतं.

बुरशीच आहे असं डॉक्टरांनी सांगितलं, की सहसा फ्लुकोनाझोल १५० मिलिग्रॅमची एकच गोळी किंवा क्लोट्रिमाझोलची आत ठेवायची गोळी लिहून देतात. ती रात्री झोपताना, पाठीवर पडून, गुडघे दुमडून जमेल तितकी आत सरकवायची. सकाळी पांढरा चुरा बाहेर आला तर घाबरू नका. १०० मिलिग्रॅमच्या गोळ्या सहा-सात रात्री दिल्या असतील तर दुसऱ्याच दिवशी बरं वाटलं तरी सगळ्या संपवा. पाळी तोंडावर असेल तर डॉक्टरांना विचारून ती झाल्यावर सुरू करा. आत ठेवायच्या अशा औषधाने कंडोम कमकुवत होऊ शकतो, हेही लक्षात ठेवा. गरोदर बाईने फ्लुकोनाझोल स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही; रक्त पातळ करायची वॉर्फरिन चालू असेल तर डॉक्टरांना ते आधी सांगायचं.

दोन गोष्टी मागितल्या तरी मी देत नाही. एक म्हणजे स्टेरॉइड मिसळलेली खाजेची ट्यूब. तिने रात्रीपुरतं थंड वाटतं, बुरशी तशीच राहते आणि नाजूक त्वचा पातळ होत जाते. दुसरं, मैत्रिणीने सांगितलेलं गोळ्यांचं किट. अशा काही किटांत अ‍ॅझिथ्रोमायसिन असतं, म्हणजे अँटिबायोटिकमुळे त्रास सुरू झाला आणि पुन्हा अँटिबायोटिकच पोटात!

दही पोटभर खा, पण आत लावू नका. सुगंधी व्ही-वॉश नको, आतून धुणं तर नकोच, बाहेरून साधं पाणी पुरे. पावसात गाडीवरून भिजून आलात तर ओली लेगिंग लगेच बदला, आणि न वाळलेली निकर इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करूनच घाला.

वर्षात तीन-चारदा हेच होत असेल तर साखर तपासा. मधुमेहावर डापाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या बायकांना हा त्रास जास्त होतो, कारण त्या गोळीने लघवीतून साखर जाते. गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांना सांगा. ताप, ओटीपोटात दुखणं, फोड, पाळीशिवाय रक्त, किंवा गरोदरपण असेल तर मेडिकलमध्ये न येता थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खर्चाची अडचण असेल तर ससूनच्या किंवा मंगळवार पेठेतल्या महापालिकेच्या कमला नेहरू रुग्णालयाच्या ओपीडीत दाखवा, आणि आधी घेतलेल्या अँटिबायोटिकची पट्टी सोबत न्या.