घरशाळेसाठी तयार टाचण निवडताना

मूल घरीच शिकवायचे ठरले की बहुतेक पालकांची पहिली चौकशी तयार टाचणाची, म्हणजे रोजच्या धड्यांच्या आखून दिलेल्या योजनेची, असते. रोज सकाळी पान उघडावे आणि त्याप्रमाणे शिकवावे, असे काही मिळते का? मिळते, पण निवडीची सुरुवात तिथून करू नये. मूल दहावीची परीक्षा कोणत्या मंडळाची देण्याची शक्यता आहे, याचा विचार आधी करावा.

एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी संस्थेच्या दहावीसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात, मराठी माध्यम घेता येते, किमान पाच विषय उत्तीर्ण व्हावे लागतात आणि स्वाध्यायांना २० टक्के भार असतो. राज्य मंडळाची दहावी द्यायची तर १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून बसता येते. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला मागतात, म्हणून शाळेतून नाव काढताना तो हाती घेऊन जपून ठेवावा. केंब्रिजची आयजीसीएसई ही दहावीच्या तोडीची आंतरराष्ट्रीय परीक्षा ही तिसरी वाट आहे आणि तिचे शुल्क विषयागणिक भरावे लागते. मूल सात-आठ वर्षांचेच असेल, तर मंडळावर एवढ्यात शिक्कामोर्तब करण्याचे कारण नाही. मात्र सातवीनंतर घेतलेले टाचण त्या मंडळाच्या अभ्यासक्रमाशी जुळलेच पाहिजे.

आता नमुना मागवावा, आणि तोही वर्षाच्या मधल्या एखाद्या आठवड्याचा, कारण पहिला आठवडा सगळेच मन लावून लिहितात. त्यातला एक दिवस हातात पेन्सिल घेऊन वाचावा. कोणते साहित्य लागणार, मुलाला नेमके काय विचारायचे आणि मूल अडले तर पुढे काय करायचे, हे तिन्ही लिहिलेले असेल तर ते टाचण. ‘पृष्ठ ४२ ते ४५ वाचा, प्रश्न सोडवा’ एवढेच असेल तर ते वेळापत्रक आहे, आणि त्यासाठी पैसे मोजण्याची गरज नाही.

परदेशी संचांबाबत अधिक सावध राहावे. आमच्याकडे दुसरीच्या गणिताचा एक अमेरिकी संच आला होता. त्यात एका बुधवारी क्वार्टर (२५ सेंट), डाइम (१०), निकेल (५) आणि पेनी (१) ही नाणी वापरून ६८ सेंट जमवायचे होते. मी रुपयांची नाणी मांडली, पण धड्याचा गाभा पंचवीस-पंचवीसने मोजण्यात होता, आणि आपले चार आणे तर २०११ मध्येच चलनातून गेले. शेवटी पुठ्ठ्याची नाणी कापावी लागली. तयार टाचणाने वाचवलेला वेळ कात्रीत गेला. इंच, पाउंड, लाख-कोटीऐवजी मिलियन, अमेरिकेचाच इतिहास, हे सारे नमुन्यातच दिसते. काही संच ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या चौकटीत लिहिलेले असतात, त्यामुळे विज्ञानाचे आणि इतिहासाचे एक-एक प्रकरण चाळून आपल्याला ते मानवते का, हे ठरवावे.

असे संच बहुधा ३६ आठवड्यांचे असतात. पानावर तारीख छापली आहे की ‘दिवस ४७’ असा क्रमांक, हे पाहावे. गणपती, दिवाळी आणि एखादा ताप यांत बुडालेले दिवस क्रमांकाच्या टाचणात सहज पुढे सरकतात. तारखांचे टाचण मात्र पालकाला सदैव मागे पडल्यासारखे वाटायला लावते.

पालकाने शेजारी बसण्याची मिनिटे वेगळी मोजावीत. ‘रोज तीन तास’ असे लिहिलेले असते तेव्हा त्यातले दोन तास आईचे किंवा बाबांचे असू शकतात. दोन मुले असतील, तर इतिहास-विज्ञान दोघांना एकत्र शिकवता येईल असा संच घ्यावा आणि गणित-भाषा ज्याच्या-त्याच्या पातळीवर ठेवावी.

बाहेरच्या संचात मराठी नसते. ती बालभारतीच्या पुस्तकांवरून घरीच शिकवावी. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तके पीडीएफ स्वरूपात विनामूल्य उतरवून घेता येतात. म्हणजे विकत घ्यायचे ते फक्त टाचण. त्यामुळे पूर्ण वर्षाचा सर्व विषयांचा संच आधीच घेण्याऐवजी आपल्याला शिकवायला सर्वांत जड जाणाऱ्या एकाच विषयाचा घ्यावा, असे माझे मत आहे. पैसे भरण्यापूर्वी परतीची अट वाचावी, कारण उतरवून घेतलेल्या फायलींचे पैसे बहुधा परत मिळत नाहीत, आणि नमुन्यातला आठवडा सोमवार ते शुक्रवार, घरातल्या नेहमीच्या धांदलीत, शिकवून पाहावा.