व्हीआर ब्राउझरमध्ये करायचं की नेटिव्ह? आधी बघणारा कोण ते विचारा

नागपुरात व्हीआरची (व्हर्च्युअल रिअॅलिटीची) कामं करतो म्हटल्यावर नवीन पोरांचा प्रश्न ठरलेला असतो: "दादा, युनिटी शिकू की ए-फ्रेम?" युनिटीने हेडसेटमध्ये बसवायचं ॲप, म्हणजे नेटिव्ह, बनवता येतं; ए-फ्रेमने ब्राउझरमध्ये उघडणारं पान. मी उलट विचारतो, बघणारा कोण आहे आणि तो हे उघडणार कुठे?

बेसा-मनीषनगरकडच्या बिल्डरला फ्लॅट दाखवायचा असतो पुण्यात नोकरी करणाऱ्या पोराला. त्या पोराला एपीके (अँड्रॉइड ॲपची फाइल) पाठवून बघा. "भाऊ, डाउनलोड कायले करा लावता, लिंक पाठवा न!" आणि त्याचं बरोबरच आहे. इथे वेबएक्सआर, म्हणजे ब्राउझरमध्येच व्हीआर चालवायची सोय, घ्या. ए-फ्रेममध्ये सीन मांडा, मॉडेल जीएलबी या थ्रीडी फाइल-प्रकारात काढा, ड्रॅको या कॉम्प्रेशनने दाबा. मात्र ड्रॅको फक्त जाळीचा (मॉडेलच्या आकाराचा) भार कमी करतो, टेक्स्चरचा (त्यावर चढवलेल्या चित्राचा) नाही. फरशीचं ४०९६ बाय ४०९६ चं जेपीजी फाइल म्हणून लहान दिसतं, पण जीपीयूच्या (ग्राफिक्स चिपच्या) मेमरीत उघडलं की एकटंच ६४ एमबी खातं. तेच १०२४ वर आणलं की ४ एमबी. सोफ्याखालची फरशी कोण निरखून बघतंय? आणि हो, आयफोनच्या सफारीत व्हीआर मोड सुरूच होत नाही. तिथे बोटाने फिरवून बघता येईल अशी सोय ठेवा आणि हे बिल्डरला आधीच सांगा.

आता खाणीतल्या सुरक्षेचं प्रशिक्षण घ्या. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्याच गावात, म्हणून हेच उदाहरण सुचतं. हेडसेट तुमचेच, माणसं पाळीपाळीने बसणार, नेटचा भरवसा नाही, आणि सीनमध्ये धूर, अंधार, हलणारी यंत्रं. हे काम नेटिव्हचं. ७२ हर्ट्झवर एका फ्रेमला जेमतेम १३.९ मिलिसेकंद मिळतात, त्यात दोन्ही डोळ्यांची चित्रं काढायची. ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट मध्येच नको असलेली मेमरी झाडायला बसली की फ्रेम हुकते, आणि हेडसेटमध्ये फ्रेम हुकल्या की डोकं गरगरतं. युनिटी घ्या, ओपनएक्सआर (वेगवेगळ्या हेडसेटसाठीचं सामायिक मानक) चालू करा, एपीके थेट हेडसेटमध्ये टाका. सर्व्हिस वर्करने (पान ब्राउझरमध्ये साठवून ठेवणाऱ्या स्क्रिप्टने) वेबपानही ऑफलाइन चालतं, पण जागा कमी पडली की ब्राउझर तो साठा पुसू शकतो. प्रशिक्षणाच्या सकाळी मी तो जुगार खेळत नाही.

वेबवाल्यांना एक अडचण हमखास येते. लॅपटॉपवर सर्व्हर चालू केला, हेडसेटच्या ब्राउझरमध्ये लॅपटॉपचा आयपी पत्ता टाकला, सीन दिसतो, पण व्हीआरमध्ये जाताच येत नाही. कोडमध्ये चूक शोधत बसू नका. वेबएक्सआर फक्त एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर (यंत्राच्या स्वतःच्याच पत्त्यावर) चालतं. हेडसेटचा डेव्हलपर मोड चालू करा, यूएसबी केबल लावा, एडीबी रिव्हर्सने (अँड्रॉइडच्या एडीबी टूलच्या कमांडने) सर्व्हरचा पोर्ट हेडसेटकडे वळवा, आणि हेडसेटमध्ये लोकलहोस्टच उघडा. व्हीआरमध्ये शिरायला बघणाऱ्याने बटण दाबावंच लागतं, पान उघडताक्षणी आपोआप शिरता येत नाही. तेव्हा ते बटण मोठं आणि समोर ठेवा.

तरीही ठरत नसेल तर एकच खोली ए-फ्रेममध्ये करून गिऱ्हाइकाला दाखवा. पुढे नेटिव्हकडे जायचं झालं तर जीएलबी मॉडेल युनिटीत ग्लटीएफ-फास्ट (glTFast) या पॅकेजने आणता येतात, ती मेहनत वाया जात नाही. कोड मात्र सी-शार्पमध्ये नव्याने लिहावा लागतो. कोटेशन देताना तेवढे दिवस धरा.