जपानी पासपोर्टवर जर्मनीत राहायला जाताना
जपानी नागरिकाला जर्मनीत दीर्घकाळ राहायचे असले, तरी आधी व्हिसा काढण्याची सक्ती नाही. व्हिसाविना प्रवेश करून 90 दिवसांच्या आत स्थानिक परदेशी नागरिक कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करता येतो. मात्र तेवढ्यावर नोकरी सुरू करता येत नाही, आणि मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ मिळायलाच कित्येक आठवडे जातात. त्यामुळे रुजू होण्याची तारीख जवळ असेल, तर ही सवलत बाजूला ठेवून टोकियोतील दूतावासातून व्हिसा घेऊनच निघालेले बरे. कुटुंब सोबत असल्यास ‘कोसेकी’ या कुटुंबनोंदीच्या उताऱ्यावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल (कागदपत्र परदेशात ग्राह्य धरले जावे यासाठीचे प्रमाणपत्र) जपानमध्येच घ्यावे, भाषांतर मात्र जर्मनीतील शपथबद्ध भाषांतरकाराकडून करावे. जोडीदाराचा पासपोर्ट भारतीय असेल, तर त्याला व्हिसाविना प्रवेशाची ही मुभा नाही.